रिकामी परतलेली होडी आणि 'पालखी' नावाचं गलबत

वादळाचा इशारा येतो तेव्हा होडी बंदरापासून बरीच आत गेलेली असते. खणात बर्फ भरलेला, निम्मं डिझेल जळलेलं, जाळं अजून कोरडं. माघारी वळलं तर खर्च वजा जाऊन वाटणीला काहीच उरत नाही. खलाशी तांडेलाच्या, म्हणजे होडीच्या प्रमुखाच्या, तोंडाकडे बघतात. तांडेलाच्या डोळ्यांसमोर धक्क्यावर उभा असलेला मालक असतो.

फसलेला बेत सोडायचा की रेटायचा, हा पेच या किनाऱ्याला जुना आहे. १६७६ मध्ये शिवाजी महाराजांचे पेशवे मोरोपंत पिंगळे सिद्दीच्या जंजिरा किल्ल्यावर चालून गेले, तेव्हाची लाय पाटलांची कथा अलिबागकडच्या अष्टागरात अजून सांगतात. या कोळी नायकाने साथीदारांसह अंधारात जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या. मागून यायची कुमक आलीच नाही. फटफटायला लागलं तशा पाटलांनी शिड्या काढल्या आणि माणसं घेऊन परतले. हल्ला फसला होता. तरी महाराजांनी त्यांना पालखीचा मान देऊ केला. दर्यात वावरणाऱ्या कोळ्याला पालखी कशाला, असं पाटील म्हणाले, तेव्हा 'पालखी' नावाचं गलबत बांधवून दिलं. कथेचे तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात, पण माणसं वाचवून मागे फिरणाऱ्याचा असा मान झालेला बाकीच्या खलाशांनी पाहिला असेल, हे मला फार मोलाचं वाटतं.

महाराजांनी स्वतःही एकाच वाटेचा हट्ट धरला नाही. जंजिरा हाती येईना, तेव्हा समोरच्या कांसा बेटावर पद्मदुर्ग उभारला. १६७९ मध्ये खांदेरी बेटावर किल्ल्याचं बांधकाम काढलं आणि इंग्रज व सिद्दी या दोघांच्या विरोधाला तोंड देत ते टिकवलं. सिद्दीला आवर घालायचा हेतू कायम होता.

या पेचाचा प्रयोग करून अभ्यास झाला तो पुष्कळ पुढे. १९७६ मध्ये अमेरिकेत संशोधक बॅरी स्टॉ यांनी विद्यार्थ्यांना एका कंपनीचा पैसा गुंतवायला सांगितला, अर्थात कागदावर. ज्यांनी विभाग स्वतः निवडला आणि तोच तोट्यात गेल्याचं कळलं, त्यांनी पुढच्या फेरीत त्याच विभागात जास्त पैसा ओतला. नव्वदच्या दशकात संशोधक एमी एडमंडसन यांना रुग्णालयांत दिसलं की चांगल्या प्रमुखाच्या हाताखालच्या गटांत औषधांच्या चुका जास्त नोंदल्या जातात. तिथे चूक बोलून दाखवायची भीती कमी होती.

धक्क्यावर मालकाने आधी "सगळी आली ना रे?" असं विचारलं, तर पुढच्या वेळी नवखा पोरगाही "तांडेल, वळूया" म्हणतो. आधी डिझेलचा हिशोब विचारला, तर तो आभाळ बघूनही गुमान जाळं सोडत राहतो.