ख्रिस्ती वैद्यकीय सेवाशिबिर (सोलापूर)

ख्रिस्ती डॉक्टर, परिचारिका आणि मंडळीतील (चर्चमधील) स्वयंसेवकांनी मोबदला न घेता वस्तीत जाऊन रुग्ण तपासण्याचा, औषधे देण्याचा आणि गरजूला मोठ्या दवाखान्यापर्यंत नेण्याचा उपक्रम. बोलण्यात त्याला नुसते ‘शिबिर’ म्हणतात.

बायबलमधल्या लूककृत शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोनी माणसाचा दाखला ही या सेवेची मूळ प्रेरणा. वाटेत घायाळ पडलेल्या परक्याच्या जखमा तो बांधतो, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो आणि निघताना पुढच्या खर्चासाठी दोन नाणी उतारशाळेच्या मालकाच्या हातावर ठेवतो. पट्टी बांधणे सगळ्यांच्या लक्षात राहते. ती दोन नाणी मात्र विसरली जातात आणि शिबिरे फसतात ती तिथेच.

अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेचे काम १८१३ मध्ये मुंबईत सुरू झाले, १८३१ मध्ये अहमदनगरला आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापुरात पोहोचले. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी आधार होता तो मिरजेचा. तिथे डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उभारले. बार्शी लाइट रेल्वे १९२७ मध्ये मिरजेपर्यंत गेल्यावर कुर्डुवाडी-पंढरपूर पट्ट्यातल्या रुग्णांना ती वाट सोपी झाली.

या इतिहासातली एक गोष्ट झाकून ठेवू नये. काही जमातींना सरसकट गुन्हेगार ठरवणाऱ्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली सोलापुरात त्यांना डांबून ठेवणारी तारेच्या कुंपणाची ‘सेटलमेंट’ म्हणजे वसाहत होती आणि तिचा कारभार काही काळ याच मिशनकडे होता. शिकवणारा, औषध देणारा आणि हजेरी घेणारा एकच असला, तर आतल्या माणसाला ‘नको’ म्हणायची सोय उरत नाही. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. उपचार बिनशर्त असावेत, प्रार्थना कोणी मागितली तरच करावी आणि न मागणाऱ्याच्या औषधात फरक पडू नये, हा आजच्या शिबिरांचा पहिला नियम असायला हवा, तो याच अनुभवामुळे.

सोलापुरात अशा सेवेची खरी गरज दिसते ती विडी कामगार बायकांमध्ये. कुंभारी येथे गोदूताई परुळेकर यांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत आहे आणि २००६ मध्ये तिथली घरे कामगारांच्या ताब्यात आली. मांडीवर सूप, सुपात तंबाखू. कात्रीने कापलेले तेंदूपान गुंडाळायचे, टोक दुमडायचे, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांमागे, म्हणून दवाखान्यात घालवलेला दिवस थेट मजुरीतून जातो. मान आणि पाठ धरते, खोकला जुना होतो, अंगात रक्त कमी असते. यांतल्या अनेकींची घरची भाषा तेलुगू. नोंदणीच्या टेबलावर तेलुगू बोलणारी एखादी मुलगी नसेल, तर “कधीपासून दुखतंय?” या प्रश्नाला नुसती मान हलते आणि डॉक्टर अंदाजाने गोळ्या लिहितो.

शिबिराची रीत साधी. आधी नाव-वय लिहिलेला केस पेपर, मग वजन, बीपी, बोटाला टोचून शुगर, मग डॉक्टर आणि शेवटी औषधांचे टेबल. तपासणारा डॉक्टर नोंदणीकृतच हवा. प्रार्थनेने आजार हमखास बरा होतो, अशी जाहिरात कुणी करू नये. १९५४ च्या कायद्यात नमूद असलेल्या रोगांवर चमत्कारी इलाजाची जाहिरात करायला बंदी आहे. त्याहून मोठी गोष्ट अशी, की अशा शब्दावर विसंबून एखादी बाई चालू गोळ्या सोडून देते.

शिबिराचे यश रांगेच्या लांबीवर मोजण्याची सवय चुकीची आहे. बीपीच्या पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि सहाव्या दिवसाची सोय केली नाही, तर रुग्णाच्या पदरात फारसे काही पडत नाही. क्षयाची शंका आली तर थुंकी तपासायला सरकारी केंद्रात जावे. औषध तिथे मोफत मिळते, पण साधारण सहा महिने न चुकता घ्यावे लागते. दोन आठवड्यांत खोकला थांबला की बरे वाटते, हात पुन्हा सुपाकडे वळतो आणि गोळ्या फडताळात राहतात. म्हणून जाणती मंडळी शिबिराच्या दिवशीच वाटणी करून घेतात : कोणी कुणाच्या घरी जायचे आणि सोमवारी सकाळी सिव्हिलच्या (सरकारी रुग्णालयाच्या) केस पेपरच्या रांगेत तिच्यासोबत कोणी उभे राहायचे.