ईस्टरला येशू स्वर्गात गेला नव्हता: पुनरुत्थान आणि स्वर्गारोहण

ईस्टर आला की "आज प्रभू येशू स्वर्गात गेले" असे मेसेज फिरायला लागतात, आणि फॉरवर्ड करणाऱ्यांत दर रविवारी चर्चला जाणारेही असतात बरं का. पण ईस्टरची गोष्ट बरोब्बर उलटी आहे, त्या दिवशी तो कुठे गेला नाही, क्रुसावर मेलेला तो जिवंत होऊन परत आला. योहानाच्या शुभवर्तमानात (येशूचं चरित्र सांगणारी बायबलमधली चार पुस्तकं म्हणजे शुभवर्तमानं: मत्तय, मार्क, लूक, योहान) तर कबरेपाशी भेटलेल्या मरीया मग्दालीये या शिष्येला तो स्वतःच सांगतो की मी अजून पित्याकडे वर गेलेलो नाही. विषय तिथेच संपायला हवा होता खरं तर.

पुनरुत्थान म्हणजे मेलेला उठला, तेही शरीरासकट. आत्मा अमर असतो, तो वर गेला, असं म्हणायचं असतं तर कबर रिकामी असायची गरजच नव्हती. लूक तर मुद्दाम लिहितो की त्याने शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला, म्हणजे भूतबित समजू नका. मग येशूने मेलेल्या लाजारालाही उठवलं होतं त्याचं काय? तर लाजार जुन्याच आयुष्यात परतला, त्याला परत मरणं होतंच. येशूचं तसं नाही, तो पुन्हा मरणार नाही असं पौल हा सुरुवातीचा ख्रिस्ती प्रचारक म्हणतो, आणि बायबलमधल्या त्याच्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 15व्या अध्यायात बियाण्याचं उदाहरण देतो, पेरतो ते एक आणि उगवतं ते वेगळंच, पण आलेलं असतं त्याच दाण्यातून.

स्वर्गारोहण, म्हणजे स्वर्गात वर जाणं, त्यानंतरचं. प्रेषितांची कृत्ये या लूकच्याच दुसऱ्या पुस्तकात मध्ये 40 दिवस आहेत, म्हणून तो सण ईस्टर धरून 40व्या दिवशी, गुरुवारी येतो (बऱ्याच ठिकाणी कॅथलिक आता तो पुढच्या रविवारी करतात). गंमत म्हणजे त्याच लूकचं शुभवर्तमान वाचलं तर सगळं एकाच दिवसात उरकल्यासारखं वाटतं. मत्तयात वर जाण्याचा प्रसंगच नाही, आणि मार्कात आहे तो शेवटच्या ज्या ओळींत, त्या सर्वात जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांत नाहीत.

मला स्वतःला सगळ्यात भारी वाटणारा फरक वेगळाच आहे. उठतानाचा क्षण चारही शुभवर्तमानांत कोणी पाहिलेला नाही, थेट रिकामी कबर आणि नंतरच्या भेटी. स्वर्गारोहणात उलटं, शिष्य बघतायत, ढग येतो, तो दिसेनासा होतो, आणि त्यापुढचं काहीच दिसत नाही. म्हणून एकात प्रश्न पडतो की नक्की झालं काय, आणि दुसऱ्यात, मग आता तो आहे कुठे?

आणि या दुसऱ्या प्रश्नावरून जाम भांडणं झालीत. 1529 मध्ये जर्मनीतल्या मारबुर्गला ल्यूथर आणि झ्विंग्ली हे दोन प्रोटेस्टंट धर्मसुधारक समोरासमोर बसले, पुनरुत्थान दोघांनाही मान्य, पण झ्विंग्लीचं म्हणणं की शरीर स्वर्गात गेलंय तर ते प्रभुभोजनाच्या (चर्चमध्ये येशूच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या) भाकरीत कसं असेल, आणि ल्यूथरच्या मते वर गेलेला येशू जिथे बसलाय असं म्हणतात तो देवाचा उजवा हात म्हणजे काही एखादी जागा नाही, तो सगळीकडे आहे, त्यामुळे ख्रिस्ताचं शरीर भाकरीतही असू शकतं. बाकी बहुतेक मुद्द्यांवर जमलं, इथे फिसकटलं. पुढे 1941 मध्ये बुल्टमान हा जर्मन धर्मशास्त्रज्ञ म्हणाला की वर स्वर्ग, खाली पाताळ, मध्ये पृथ्वी हे जुन्या जगाचं चित्र आहे, ते अक्षरशः घेऊ नका. पण ढग म्हणजे बायबलमध्ये आधीपासूनच देव जवळ असल्याची खूण, त्यामुळे "किती उंच गेला" हे मोजत बसणं लूकच्या डोक्यात तरी असेल असं मला वाटत नाही.

अजून एक घोळ राहिला, 15 ऑगस्टचा. तो सण येशूच्या स्वर्गारोहणाचा नाही, त्याच्या आईचा, मरीयेचा, ती शरीरासकट स्वर्गात गेली या श्रद्धेचा. 1950 मध्ये पोप पायस बारावे यांनी ते कॅथलिकांसाठी अधिकृत श्रद्धातत्त्व म्हणून जाहीर केलं. पण तिथे ती स्वतः वर गेली असं म्हणत नाहीत, तिला वर घेतलं गेलं असं म्हणतात.