घासाघीस आणि पुरुषत्व : अमेरिकेतील वाहनखरेदी

अमेरिकेत कापड, भांडी, पादत्राणे यांवर ठरलेल्या किमतीच्या चिठ्ठ्या एकोणिसाव्या शतकातच लागल्या. मोटारीचा भाव मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुधा तोंडी बोलूनच ठरत असे. ही घासाघीस करणे पुरुषाचे काम आणि तीत वरचढ ठरणे ही त्याची कसोटी, अशी समजूत तिथे पिढ्यान्‌पिढ्या रुजली. तिचे मूळ घोड्यांच्या व्यवहारात सापडते.

मोटारीआधी स्वतःचे वाहन म्हणजे मुख्यतः घोडा. एक घोडा दुसऱ्यासारखा नसतो, त्यामुळे ठरलेला भाव असणे शक्यच नव्हते. वय दातांवरून ओळखत, म्हणून लबाड विक्रेते म्हाताऱ्या जनावराच्या झिजलेल्या दातांत खळगे कोरून ते डागून काळे करत. डोळ्यांवरच्या खोबणी हवा भरून फुगवत. कायद्याचा कलही ‘घेणाऱ्याने पारखून घ्यावे’ असाच होता. पुष्कळदा घोड्याच्या बदल्यात घोडा आणि वर थोडी रोकड असा सौदा होई, आणि तो पाहायला इतर पुरुष जमत. एरवी सचोटीने वागणारा माणूसही इथल्या फसवणुकीला हुशारी म्हणे. फसलेला सहसा गप्प बसे, कारण तक्रार करणे म्हणजे आपल्याला घोडा कळत नाही याची कबुली देणे. या खेळात पैशाइतकीच अब्रूही डावावर लागलेली असे.

शहरी दुकानदारीने नेमकी उलट वाट धरली. न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर स्टुअर्ट यांनी १८४६ मध्ये संगमरवरी दर्शनी भागाचे भव्य दुकान उघडले, तिथे सर्वांना एकच भाव होता. पुढे फिलाडेल्फियात जॉन वॉनामेकर यांनी हीच पद्धत गाजवली. कारण व्यवहारी होते : शेकडो नोकर कामाला ठेवल्यावर प्रत्येकाला भाव ठरवण्याचा अधिकार देणे परवडत नाही. या दुकानांचे गिऱ्हाईक प्रामुख्याने मध्यमवर्गीय स्त्रिया होत्या, त्यामुळे ठरलेला भाव ही ‘बायकांच्या बाजाराची’ खूण बनली. त्याआधी मंडईत स्त्रियाही भाव करतच होत्या. म्हणून घासाघीस पुरुषांच्या स्वभावातच असते, हे म्हणणे टिकत नाही.

मोटार कारखान्यात एकसारखी बनते, तेव्हा तिची किंमत सहज पक्की राहायला हवी होती. हेन्री फोर्ड यांच्या ‘मॉडेल टी’ची किंमत जाहीर असे : १९०८ मध्ये सुमारे ८५० डॉलर, तर १९२० च्या दशकाच्या मध्यात सर्वांत स्वस्त प्रकार अवघा २६० डॉलर. घडी विस्कटली ती जुन्या गाडीमुळे. याच दशकात बहुतेक घेणाऱ्यांच्या दारात आधीच एक गाडी उभी होती आणि तिच्या मोबदल्यात त्यांना नवी हवी होती. वापरलेली प्रत्येक गाडी घोड्यासारखीच वेगळी. नव्या गाडीची छापील किंमत न बदलता जुनीचे मोल वाढवले की सूट आपोआप मिळे. लॉस एंजेलिसमध्ये लेस केली यांनी १९२६ मध्ये जुन्या गाड्यांच्या किमतींची पुस्तिका काढली, तरी तोंडी सौदा थांबला नाही.

ओक्लाहोमाचे सिनेटर माइक मन्रोनी यांच्या पुढाकाराने १९५८ मध्ये नव्या गाडीच्या काचेवर उत्पादकाने सुचवलेली किंमत चिकटवणे सक्तीचे झाले. पण कायद्याने किंमत दाखवायला लावली, पाळायला नव्हे. तो आकडा घासाघीस सुरू करण्याची जागा ठरला. गाड्या विकणाऱ्या पेढीवर विक्रेता नवीचा भाव, जुनीचे मोल, सुरुवातीला भरायची रोख रक्कम आणि कर्जाचा मासिक हप्ता अशा चार चौकटी कागदावर मांडी आणि ‘साहेबांना विचारून येतो’ म्हणून आत जाई. नव्या गाडीचा भाव पाडल्याच्या आनंदात ग्राहक जुनीच्या मोलात किंवा हप्त्यात तेवढेच गमावू शके. त्याचा पुरुषी अभिमान विक्रेत्याच्या कामी येई.

या रिवाजाची खरी झळ या पुरुषी खेळाबाहेरच्यांना, म्हणजे स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना बसली. कर्ज मिळण्याची संधी सर्वांना समान देणारा कायदा १९७४ मध्ये झाला. त्याआधी विवाहितेला कर्जासाठी अनेकदा पतीची सही लागे. कायद्याचे अभ्यासक इयान एअर्स यांनी शिकागो परिसरातील ९० पेढ्यांवर प्रशिक्षित ग्राहक पाठवले, त्यांनी सारख्याच पद्धतीने बोलणी केली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे : गोऱ्या पुरुषांच्या तुलनेत गोऱ्या स्त्रियांकडून ४० टक्के जास्त नफा मागितला गेला, कृष्णवर्णीय पुरुषांकडून दुपटीहून अधिक, तर कृष्णवर्णीय स्त्रियांकडून तिपटीहून अधिक. अर्थतज्ज्ञ पिनेलोपी गोल्डबर्ग यांना १९९६ मध्ये प्रत्यक्ष खरेदीच्या आकडेवारीत असा ठळक फरक आढळला नाही, त्यामुळे भेदाच्या प्रमाणाबद्दल वाद आहे. तरी समान बोलण्याला असमान उत्तर मिळाले, हे एअर्स यांच्या प्रयोगात स्पष्ट दिसते.

जनरल मोटर्सच्या ‘सॅटर्न’ गाड्या १९९० पासून विनाघासाघीस विकल्या गेल्या. ती नाममुद्रा २०१० मध्ये बंद झाली. १९९३ मध्ये व्हर्जिनियातील रिचमंड येथे सुरू झालेल्या ‘कारमॅक्स’ने वापरलेल्या गाड्यांनाच ठरलेला भाव लावला. तिथे ग्राहकाची जुनी गाडी स्वतंत्र व्यवहार म्हणून विकत घेतली जाते, मग त्याने दुसरी घेतली नाही तरी चालते.