क्लास ए सीडीएल: पात्रता, कागदपत्रं आणि ट्रेलर मागे घेण्याची परीक्षा

अमेरिकेत ट्रेलर ओढणारा मोठा ट्रक चालवायचा तर साधा ड्रायव्हिंग परवाना चालत नाही, क्लास ए कमर्शियल परवाना म्हणजे सीडीएल लागतो. ट्रक आणि ट्रेलरचं मिळून ठरवून दिलेलं कमाल वजन २६,००१ पौंड किंवा त्याहून जास्त, आणि त्यात एकट्या ट्रेलरचं १०,००० पौंडांपेक्षा जास्त, अशी जोडगाडी या वर्गात येते. इथे बघायचं ते उत्पादकाने गाडीवर नोंदवलेलं कमाल वजन. त्या दिवशी ट्रेलर रिकामा आहे म्हणून वर्ग बदलेलच असं नाही.

किमान नियम फेडरल सरकारचे, पण अर्ज करायचा तो राज्याकडे. कुठे हे काम डीएमव्ही (राज्याचं वाहन-परवाना खातं) करतं, टेक्सासमध्ये डीपीएस (सार्वजनिक सुरक्षा खातं), इलिनॉयमध्ये सेक्रेटरी ऑफ स्टेटचं कार्यालय. शुल्क, परीक्षेची तारीख मिळण्याची पद्धत आणि मैदानावरचे नेमके प्रकार राज्यागणिक बदलतात. म्हणून आपल्याच राज्याची सीडीएल पुस्तिका वाचावी. शेजारच्या राज्यात पास झालेल्या मित्राने सांगितलेली मापं आपल्या मैदानावर लागू पडतीलच असं नाही.

पात्रता

राज्याच्या हद्दीतच गाडी चालवणार असाल तर किमान वय १८. राज्याबाहेर माल न्यायचा असेल तर २१. १८ ते २१ या वयात मिळालेल्या परवान्यावर सहसा ‘के’ हे बंधन येतं, म्हणजे गाडी राज्यातच चालवायची. अर्जदाराकडे त्या राज्याचा साधा परवाना आधीपासून हवा आणि एका वेळी एकाच राज्याचा परवाना बाळगता येतो. गेल्या दहा वर्षांत ज्या ज्या राज्यांचे परवाने होते, त्यांची यादी अर्जात द्यावी लागते. जुन्या राज्यात न भरलेला एखादा दंड किंवा निलंबन असेल तर ते इथे हमखास वर येतं.

नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असाल तर वाट सरळ आहे. इतर व्हिसांवरच्या लोकांसाठी नॉन-डोमिसाइल्ड सीडीएल हा वेगळा प्रकार आहे. २०२५ मध्ये फेडरल सरकारने त्याचे नियम बरेच कडक केले आणि वाद न्यायालयात गेला. त्यामुळे या गटातल्या माणसाने ट्रक शिकवणाऱ्या स्कूलची फी भरण्याआधी राज्याच्या कार्यालयाकडून त्या घडीचा नियम लेखी घ्यावा. एजंटच्या तोंडी आश्वासनावर पैसे गुंतवू नयेत.

इंग्रजीबद्दल गैरसमज फार आहेत. प्रत्यक्ष गाडीवरच्या परीक्षेत दुभाषा चालत नाही. परीक्षक इंग्रजीत सूचना देतो, त्या समजून उत्तर द्यावं लागतं, आणि गाडीची तपासणी करताना एकेका भागावर हात ठेवून त्याचं इंग्रजी नाव आणि त्यात काय पाहिलं ते मोठ्याने बोलून दाखवावं लागतं. अस्खलित इंग्रजीची गरज नाही, पण ती शंभरेक नावं तोंडात बसलेली हवीत.

कागदपत्रं आणि त्यांचा क्रम

पहिली पायरी वैद्यकीय तपासणी. नेहमीच्या डॉक्टरकडची चालत नाही. फेडरल नॅशनल रजिस्ट्रीत नाव असलेल्या तपासनीसाकडेच जावं लागतं. प्रत्येक डोळ्याची आणि दोन्ही डोळ्यांची मिळून दृष्टी २०/४० (चष्म्यासह चालते), पाच फुटांवरून कुजबुजलेलं ऐकू येणं, लाल-हिरवा-पिवळा ओळखता येणं, हे मुख्य निकष. प्रमाणपत्र जास्तीत जास्त २४ महिन्यांचं असतं. रक्तदाब १४०/९० किंवा वर गेला तर मुदत कमी मिळते. इन्शुलिन घेणाऱ्यांना आता थेट नकार मिळत नाही, पण त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरने भरलेला वेगळा फॉर्म आणि साखरेच्या नोंदी सोबत न्याव्या लागतात. २३ जून २०२५ पासून तपासणीचा निकाल इलेक्ट्रॉनिक पद्धतीने राज्याकडे जाण्याची व्यवस्था सुरू झाली आहे, तरी कागदी प्रत जपून ठेवणं शहाणपणाचं.

दुसरी पायरी शिकाऊ कमर्शियल परवाना, म्हणजे सीएलपी. त्यासाठी नागरिकत्वाचा किंवा कायम वास्तव्याचा मूळ पुरावा, सोशल सिक्युरिटी क्रमांक, राज्यातल्या पत्त्याचा पुरावा, चालू साधा परवाना आणि आपण कोणत्या प्रकारची वाहतूक करणार याचं स्वयंघोषणापत्र लागतं. आपल्या लोकांची अडचण बहुधा नावात होते. ग्रीन कार्डवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधलं नाव म्हणून आलेलं, सोशल सिक्युरिटीवर ते नाहीच, आणि परवान्यावर फक्त आद्याक्षर. तीन कागदांवर तीन नावं दिसली की अर्ज अडकतो. सोशल सिक्युरिटी कार्यालयात दुरुस्ती आधी करून घ्या, मग रांगेत उभे राहा.

सीएलपीसाठी लेखी परीक्षा असतात: सामान्य ज्ञान, एअर ब्रेक (हवेच्या दाबावर चालणारे ब्रेक) आणि जोडवाहनं. प्रत्येकीत ८० टक्के हवेत. एअर ब्रेकचा पेपर टाळला किंवा नापास झालात तर परवान्यावर ‘एल’ बंधन बसतं आणि एअर ब्रेकची गाडीच चालवता येत नाही. क्लास ए घेऊन मग उपयोग तो काय? सीएलपी हातात आल्यावर गाडी चालवता येते, पण शेजारी त्या वर्गाचा सीडीएलधारक बसलेला हवा. प्रत्यक्ष परीक्षा सीएलपी मिळाल्यापासून १४ दिवस झाल्याशिवाय देता येत नाही. सीएलपी जास्तीत जास्त वर्षभर चालतं. ते संपलं तर लेखी परीक्षा पुन्हा. म्हणून स्कूलमध्ये जागा नक्की झाल्यावरच सीएलपी काढावं.

तिसरी पायरी प्रशिक्षण. ७ फेब्रुवारी २०२२ पासून नव्या उमेदवाराला ट्रेनिंग प्रोव्हायडर रजिस्ट्रीत नोंद असलेल्या संस्थेकडूनच ते घ्यावं लागतं. थिअरीत ८० टक्के लागतात. गाडीवरच्या सरावाला मात्र फेडरल नियमात तासांची किमान अट नाही, प्रशिक्षकाने ‘येतं’ असं प्रमाणित करायचं असतं. स्कूल निवडताना मी तरी हा एकच प्रश्न आधी विचारेन: एका ट्रकवर किती विद्यार्थी, आणि मैदानावर माझ्या हातात स्टिअरिंग प्रत्यक्ष किती वेळ? सहा जण आळीपाळीने बसत असतील तर दिवसाच्या आठ तासांतला तुमचा वाटा सव्वा-दीड तासाचा. थिअरी आणि सराव यांपैकी पहिला भाग पूर्ण झाल्यापासून वर्षभरात दुसरा पूर्ण व्हावा लागतो. संस्थेने पूर्ततेची नोंद रजिस्ट्रीत टाकली नसेल तर राज्य परीक्षा घेत नाही.

परीक्षेचे तीन भाग

आधी गाडीची तपासणी, मग मैदानावरचं नियंत्रण, शेवटी रस्ता. क्रम हाच. तपासणीत घोकंपट्टी निभावते, पण एअर ब्रेकची चाचणी अचूक जमावी लागते: इंजिन बंद, पार्किंग ब्रेक सोडलेले, पायाचा ब्रेक पूर्ण दाबून एक मिनिट धरायचा. जोडगाडीत हवेचा दाब ४ पीएसआयपेक्षा (पीएसआय हे दाबाचं एकक) जास्त उतरता कामा नये. रस्त्यावरची परीक्षा बहुतेकांना त्यामानाने सोपी जाते. तारीख पुढे ढकलली जाते ती मधल्या भागामुळे.

मैदानावर जुन्या पद्धतीत सरळ मागे घेणं, शेजारच्या पट्ट्यात मागे घेणं, समांतर पार्किंग आणि काटकोनात डॉकमध्ये (माल चढवण्या-उतरवण्याच्या जागेत) घालणं यांतले काही प्रकार असतात. सुधारित परीक्षा स्वीकारलेल्या राज्यांत पुढे जाऊन ठरावीक जागी थांबणं, सरळ मागे, शंकूंमधून पुढे वळत जाणं आणि मागे येत पट्टा बदलणं असे चार आहेत. स्कूलने मात्र डॉक आणि दोन्ही बाजूंची समांतर पार्किंग शिकवायची असतेच, कारण प्रशिक्षणाच्या फेडरल अभ्यासक्रमात ती आहे. तुमच्या राज्याच्या परीक्षेत नाही म्हणून स्कूल गाळत असेल तर हटकावं.

ट्रेलर मागे घेताना काय घडतं

स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की कॅबचा, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या ट्रकचा, मागचा भाग उजवीकडे सरकतो, ट्रेलरचं नाक उजवीकडे ढकलतो, आणि ट्रेलरची शेपटी डावीकडे जाते. उलटा परिणाम तो हाच. हात स्टिअरिंगच्या तळाशी धरला तर हिशेब सोपा होतो: शेपटी जिकडे हवी तिकडे हात न्यायचा. स्टिअरिंगच्या वरच्या कडेवरून विचार करणारे दुसरा नियम वापरतात: ज्या आरशात ट्रेलर जास्त दिसू लागला त्या आरशाकडे फिरवा. दोन्ही नियम एकच गोष्ट सांगतात. पण एकच निवडा, घाईत दोन्ही आठवायला गेलं की हात उलटा फिरतो.

सरळ मागे घेण्याचा पट्टा साधारण १०० फूट लांब आणि १२ फूट रुंद. ट्रेलरची रुंदी साडेआठ फूट, म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून साडेतीन फूट मोकळे. इथे चूक होते ती जास्त फिरवण्याची. शेपटी सरकली, चालकाने अर्धा फेरा दिला, काहीच झालं नाही असं वाटून आणखी दिला. ट्रेलर उशिरा प्रतिसाद देतो, आणि दिला की थांबत नाही. एक-दोन इंच फिरवा, वाट पाहा, शेपटी परतू लागताच स्टिअरिंग सरळ करून थोडं उलट द्या. सर्वात खालचा रिव्हर्स गिअर, अॅक्सिलरेटरवर पाय नाही.

शेजारच्या डाव्या पट्ट्यात मागे जाताना क्रम असा: स्टिअरिंग उजवीकडे, शेपटी डावीकडे वळली की डावीकडे फिरवून कॅब ट्रेलरच्या मागोमाग आणणं, तसंच धरून शेपटी पट्ट्याला समांतर करणं, मग उजवीकडे देऊन कॅब सरळ. दुसऱ्या टप्प्याला उशीर झाला की कोन वाढतच जातो आणि कॅब-ट्रेलरची घडी पडू लागते. त्या अवस्थेत मागे जात राहून काही सुधारत नाही, पुढे जाऊनच कोन उघडतो. छोटा ट्रेलर पटकन वळतो आणि पटकन बिघडतो. ५३ फुटी ट्रेलर सावकाश वळतो आणि चूक सुधारायला वेळ देतो. टँडम चाकं (ट्रेलरखालची पुढे-मागे सरकवता येणारी चाकांची जोडी) मागे सरकवलेली असतील तर तो आणखी संथ. म्हणून परीक्षेच्याच गाडीवर, टँडम परीक्षेत असतील त्याच जागी ठेवून सराव हवा.

गुण कशावर कापले जातात

सीमारेषेला किंवा शंकूला स्पर्श म्हणजे चूक. दुरुस्तीसाठी पुढे जाणं म्हणजे पुल-अप. सुरुवातीचे पुल-अप माफ असतात, अति झाले की मोजले जातात. खाली उतरून पाहण्याची मुभाही आहे: जुन्या पद्धतीत सरळ मागे घेताना एकदा, बाकी प्रकारांत दोनदा. आश्चर्य असं की शंकू लागून नापास होणाऱ्यांतले कित्येक जण ही मुभा न वापरताच नापास होतात. शंका आली तर थांबा. शंकू पडल्यावर उतरून उपयोग नाही.

उतरतानाही नियम आहे. गाडी न्यूट्रलमध्ये, पार्किंग ब्रेक लावलेले, तोंड कॅबकडे, आणि दोन हात-एक पाय किंवा दोन पाय-एक हात असे तीन आधार कायम. उडी मारली किंवा ब्रेक न लावता उतरलात तर तिथेच नापास होऊ शकता. नुसतं दार उघडणं किंवा सीटवरून उठणंही एकदा उतरल्यासारखं धरलं जातं, तेव्हा मान काढून पाहायची तर काच खाली करा.

परीक्षेला गाडी उमेदवारानेच आणायची असते, चालू नोंदणी आणि विम्यासह, सोबत परवानाधारक चालक. ऑटोमॅटिक गिअरवर परीक्षा दिली तर ‘ई’ बंधन येतं आणि मॅन्युअल ट्रक चालवता येत नाही. फिफ्थ व्हीलऐवजी (ट्रेलर ज्यावर अडकतो ती ट्रकवरची गोल तबकडी) दुसऱ्या जोडणीची गाडी नेली तर ‘ओ’ बंधन, म्हणजे नेहमीचा सेमी-ट्रेलर बंद. स्कूल कोणत्या गाडीवर परीक्षा देऊ देतं, हे म्हणून प्रवेशाच्या वेळीच विचारायचं.

नापास झालात तर अनेक राज्यांत पास झालेले भाग सीएलपीच्या मुदतीपुरते धरले जातात आणि राहिलेल्या भागापासून पुन्हा सुरुवात होते. पास झाल्यावर राज्य ड्रग अँड अल्कोहोल क्लिअरिंगहाउसमधली (चालकांच्या अमली पदार्थ आणि दारूविषयक उल्लंघनांच्या फेडरल नोंदवहीतली) नोंद तपासून परवाना देतं. पुढे वैद्यकीय प्रमाणपत्राची मुदत चुकली तर कमर्शियल हक्क काढून घेतले जातात, परवान्यावर छापलेली तारीख कितीही लांबची असो.