पुण्यातल्या खासगी विद्यापीठांचे प्रवेश : पात्रता, अर्ज, कागदपत्रं आणि हुकणाऱ्या तारखा

बारावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या अभ्यासिकेच्या दारात चार-पाच पालक उभे असतात. हातात निकालाची प्रिंट आणि तोंडी एकच प्रश्न : “सिंबायोसिसचे फॉर्म कधी सुटतात?” मी गेली काही वर्षं फॉर्म भरायला मुलांना मदत करतो, आणि दर वेळी हे उत्तर देताना माझा जीव तुटतो. फॉर्म सुटले, मुदत संपली, परीक्षासुद्धा झाली.

२०२४ सालचंच बघा. राज्य मंडळाचा बारावीचा निकाल २१ मे रोजी लागला. सिंबायोसिसच्या पदवी अभ्यासक्रमांच्या ‘सेट’ परीक्षेच्या दोन्ही फेऱ्या ५ आणि ११ मे रोजी होऊन गेल्या होत्या, आणि अर्जाची मुदत एप्रिलमध्येच संपली होती. निकालाची वाट बघत बसलेलं मूल त्या वर्षी शर्यतीत उतरलंच नाही. टक्के ९० असोत की ६०, काही फरक पडला नाही. म्हणून चुरशीबद्दल बोलायचं तर आधी कॅलेंडरबद्दल बोलावं लागतं.

विधी शाखेची परीक्षा तर आणखी आधीच्या महिन्यात आलीय. सिंबायोसिसची ‘स्लॅट’ आधी मेमध्ये व्हायची. २०२५ च्या प्रवेशासाठीची परीक्षा डिसेंबर २०२४ मध्ये झाली. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची ‘क्लॅट’ही डिसेंबरातच असते. म्हणजे पाच वर्षांच्या वकिलीच्या अभ्यासक्रमाला जायचं असेल, तर बारावीची दिवाळीची सुट्टी हाच फॉर्म भरण्याचा काळ. एमबीएसाठीची ‘स्नॅप’ डिसेंबरमध्ये होते आणि तिची नोंदणी साधारण ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत चालते. लवळ्याच्या फ्लेम विद्यापीठाचे प्रवेश टप्प्याटप्प्याने होतात आणि तेही बोर्डाच्या परीक्षेच्या बरेच आधी सुरू होतात.

(एक छोटी गोष्ट. पुण्यात ‘सेट’ म्हटलं की निम्म्या लोकांना सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं ती प्राध्यापकांची पात्रता परीक्षा आठवते. इंटरनेटवर शोधताना हा घोळ होतो. आपल्याला हवी ती ‘सिंबायोसिस एन्ट्रन्स टेस्ट’.)

आधी संस्था कुठल्या प्रकारची, ते बघा

पुण्यात एकाच नावाच्या तीन-तीन संस्था आहेत आणि प्रत्येकीचा प्रवेशाचा रस्ता वेगळा. कोथरूडची एमआयटी वर्ल्ड पीस युनिव्हर्सिटी आणि लोणी काळभोरची एमआयटी एडीटी ही राज्याच्या कायद्याने स्थापन झालेली खासगी विद्यापीठं. आळंदीचं एमआयटी अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंग हे मात्र पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालय. डी. वाय. पाटील नावाचंही तसंच : पिंपरीचं डॉ. डी. वाय. पाटील विद्यापीठ अभिमत, लोहगावकडचं अजिंक्य डी. वाय. पाटील खासगी, शिवाय त्याच नावाची संलग्न महाविद्यालयं निराळी.

फरक कळायला हवा, कारण संलग्न अभियांत्रिकी महाविद्यालयात राज्याच्या सीईटी सेलच्या कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेशाच्या, फेरीतून प्रवेश होतो. व्हीआयटी, पीआयसीटी, कमिन्स ही सगळी त्या रांगेत. अभिमत विद्यापीठं, म्हणजे १९५६ च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) कायद्याच्या कलम ३ खाली दर्जा मिळालेली, आणि राज्य खासगी विद्यापीठं आपले प्रवेश स्वतः करतात. सिंबायोसिस १९७१ साली डॉ. शां. ब. मुजुमदारांनी सुरू केली आणि २००२ साली ती अभिमत झाली. भारती विद्यापीठही अभिमत. फ्लेम हे २०१५ पासूनचं राज्य खासगी विद्यापीठ. कॅपचा फॉर्म भरला म्हणजे इथेही नाव गेलं, असं समजू नका. एमआयटी डब्ल्यूपीयू अभियांत्रिकीसाठी एमएचटी-सीईटी किंवा जेईईचे गुण धरतं, पण अर्ज त्यांच्याकडेच, वेगळा करावा लागतो.

वैद्यकीयचं थोडक्यात : अभिमत विद्यापीठांच्या एमबीबीएसच्या जागा नीटच्या गुणांवर, दिल्लीच्या एमसीसीच्या (मेडिकल कौन्सेलिंग कमिटी) समुपदेशनातून भरल्या जातात. त्यासाठी नोंदणी शुल्क ५,००० रुपये आणि परत मिळणारी अनामत २ लाख रुपये. ही रक्कम ऐन वेळी जमवायला लागते, तेव्हा घरात आधीच बोलून ठेवा.

पात्र असणं आणि निवड होणं

सेटसाठी बारावीला ५० टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ४५. स्नॅपसाठी पदवीला तेच. बारावीची किंवा शेवटच्या वर्षाची परीक्षा देणारे विद्यार्थीही अर्ज करू शकतात, त्यांचा प्रवेश निकालापर्यंत तात्पुरता असतो. ५० टक्के वाचून पालक निर्धास्त होतात आणि तिथेच फसगत होते. ते ५० टक्के फक्त दारातून आत येण्यापुरते. आत जागा किती, आणि दारात कोण कोण उभं आहे, तो हिशेब वेगळा. इथे देशभरातून मुलं येतात आणि महाराष्ट्राचा रहिवासी दाखला असल्याने कॅपमध्ये जो आधार मिळतो तो इथल्या गुणवत्ता यादीत मिळेल असं धरून चालू नये. सिंबायोसिसच्या एसआयबीएम पुणे या व्यवस्थापन संस्थेसाठी स्नॅपचे ९५ पर्सेंटाइलही अलीकडे पुरत नाहीत.

सेट आणि स्नॅप, दोन्ही ६० प्रश्नांच्या आणि ६० मिनिटांच्या. स्नॅपमध्ये चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा होतो, सेटमध्ये वजा होत नाही. म्हणून सेटला एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. सेट दोनदा देता येते, स्नॅप तीनदा. त्यांतला सर्वांत चांगला गुण धरतात, सरासरी काढत नाहीत. आपलं मूल एकदाच बसणार असेल, तर शेजारच्या खुर्चीवरचं मूल दुसऱ्या किंवा तिसऱ्या संधीचा फायदा घेतंय हे ध्यानात ठेवा. मी तरी प्रत्येकाला दोनदा बसायला सांगतो.

पण त्याला पैसे लागतात. अलीकडच्या वर्षांत एका चाचणीचे २,२५० रुपये आणि प्रत्येक अभ्यासक्रमाच्या नोंदणीचे वेगळे १,००० असा दर होता. दोन चाचण्या आणि तीन अभ्यासक्रम धरले तर ७,५०० रुपये, तेही परत न मिळणारे. ही दुसरी नोंदणी, अभ्यासक्रमाची, सगळ्यांत जास्त हुकते. परीक्षेची फी भरली, हॉल तिकीट आलं, गुणही चांगले पडले, आणि मग कळतं की त्या संस्थेच्या अभ्यासक्रमाला नाव नोंदवलेलंच नव्हतं. मग मुलाखतीचं बोलावणं येत नाही. दोन्ही पावत्या हातात आल्याशिवाय फॉर्म पूर्ण झाला असं मानू नका.

राखीव जागांबद्दल खूप गैरसमज आहेत. सिंबायोसिसमध्ये अनुसूचित जातींना १५ टक्के, जमातींना साडेसात टक्के आणि दिव्यांगांसाठी काही जागा असतात. ओबीसी, एसईबीसी किंवा ईडब्ल्यूएसचा दाखला तिथे जागेसाठी उपयोगी पडत नाही. त्यामुळे नॉन क्रीमीलेअरसाठी तहसील कचेरीत घालवलेले दिवस कॅपसाठी ठेवा.

मुलाखत

चाचणीनंतर संस्थेनुसार मुलाखत आणि लेखी लेखनाची फेरी असते. फ्लेममध्ये त्यांची ‘फीट’ चाचणी, अर्जातले निबंध आणि मुलाखत अशी सगळ्याची मिळून पारख होते. आपली मुलं इथे मागे पडतात, आणि माझ्या मते त्याचं कारण इंग्रजी नव्हे. पाठ केलेलं बोलण्याची सवय आड येते.

गेल्या वर्षी एका मुलीची तयारी घेत होतो. वडिलांचा मार्केट यार्डात भाजीचा गाळा. तिला अर्थशास्त्राला जायचं होतं. “अर्थशास्त्र का?” म्हटल्यावर तिने मागणी-पुरवठ्याची व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली. मी विचारलं, बाबा पहाटे तीनला गाळ्यावर जातात, तेव्हा टोमॅटोचा भाव कोण ठरवतं? ती थांबली. मग सांगायला लागली, की किती गाड्या आल्या ते आधी बघतात, नारायणगावची आवक वाढली की क्रेटमागे भाव कसा पडतो, आडत आणि तोलाई कशी कापतात, आणि पाऊस पडला की त्याच दिवशी भाव का चढत नाही, दोन दिवसांनी का चढतो. तिचं इंग्रजी अडखळत होतं, पण तेच तिला अडखळत बोलायला लावलं. दुसऱ्या यादीत तिचं नाव लागलं.

हो, पहिल्या यादीत नव्हतं. प्रतीक्षा यादी पुढे सरकते, कारण वरची मुलं इतर ठिकाणी जागा घेतात. मात्र फी भरायला दोन-तीन दिवसच मिळतात आणि कळवतात ईमेलवर. म्हणून फॉर्ममध्ये सायबर कॅफेवाल्याचा नंबर आणि ईमेल कधीही टाकू नका. मुलाचा स्वतःचा टाका आणि मे-जूनमध्ये रोज उघडून बघा.

मुलाखत लवळ्याला असेल तर चांदणी चौक किंवा पाषाण-सूस रस्त्यावरची गर्दी धरून निघा. डोंगरावर चढून पोचायचं असतं, बसच्या भरवशावर राहू नका.

कागदपत्रं

लागतात ती नेहमीचीच : दहावीची आणि बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो आणि सही, लागू असेल तर जातीचा दाखला, दुसऱ्या बोर्डातून आलेल्यांना मायग्रेशन सर्टिफिकेट, मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. जातीचा दाखला विद्यार्थ्याच्या नावाचा लागतो, वडिलांचा चालत नाही.

खरी अडचण नावाची. आपल्या राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. आधारवर नाव आधी. फॉर्मवर तीन वेगळे रकाने. घाईत मुलं गुणपत्रिकेच्या क्रमाने भरतात आणि आडनाव ‘नाव’ होऊन बसतं. परीक्षा केंद्रावर हॉल तिकीट आणि ओळखपत्र जुळलं नाही की दारातच वाद. फॉर्म भरायच्या आधी आधारवरचं स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेशी अक्षर अन् अक्षर लावून बघा. ‘Y’ आणि ‘I’, किंवा ‘V’ आणि ‘W’ यांचा फरक असेल तर आधार आधी दुरुस्त करून घ्या. हे काम सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शांतपणे होतं, एप्रिलमध्ये आधार केंद्रावर रांगा असतात.

मूळ कागदपत्रं कुणाकडे ठेवू नका. यूजीसीच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे अर्जासोबत स्वसाक्षांकित प्रती द्यायच्या असतात. प्रवेशाच्या वेळी मूळ प्रती तुमच्यासमोर तपासून लगेच परत करणं संस्थेवर बंधनकारक आहे. प्रवेश झाल्यावर विद्यार्थी आणि पालक या दोघांचं रॅगिंगविरोधी हमीपत्रही ऑनलाइन भरावं लागतं, दर वर्षी.

फी, सवलत आणि परतावा

फॉर्म भरायच्या आधी घरात बसून हे नीट वाचा. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने वार्षिक ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. पण ती सवलत कॅपमधून झालेल्या प्रवेशांना आहे. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यातून वगळलेली आहेत. एखादी मुलगी संलग्न महाविद्यालयात जवळजवळ मोफत शिकू शकते, आणि तिचे आईवडील केवळ नावाच्या मोहाने लाखोंचं कर्ज काढतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. दोन्ही रक्कमा एका कागदावर शेजारी-शेजारी लिहा.

कर्ज काढायचंच असेल तर पीएम-विद्यालक्ष्मी योजना बघा. केंद्राने ती ६ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केली. यादीतल्या संस्थांसाठी तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं. उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत मिळते. यादी केंद्राच्या एनआयआरएफ या संस्थांच्या क्रमवारीवर ठरते, तेव्हा आपली संस्था त्यात आहे का ते अर्जाआधी पाहा. व्यवस्थापन कोट्यातून घेतलेल्या प्रवेशाला ही योजना लागू नाही.

“ओळख आहे, डोनेशन देऊन काम करून देतो” म्हणणारे मे महिन्यात सगळ्या कॉलेज रस्त्यांवर भेटतात. महाराष्ट्रात कॅपिटेशन फी १९८७ च्या कायद्यानेच बंद आहे. विद्यापीठाच्या खात्याशिवाय कुठेही, कुणालाही पैसे देऊ नका.

परताव्याचं मी स्वतः भोगलंय. भाच्यासाठी एका संस्थेत जागा धरली, पंधरा दिवसांनी कॅपमध्ये त्याला हवं ते कॉलेज मिळालं. आधीच्या संस्थेत खिडकीवर सांगितलं, “फी परत मिळत नाही, पावतीमागे लिहिलंय.” पावतीमागे काहीही लिहिलेलं असो, यूजीसीचा परताव्याचा नियम त्यापेक्षा वरचा. २०२४-२५ साठी तर ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी, आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत केला तर जास्तीत जास्त १,००० रुपये कापून बाकीची परत, असं स्पष्ट होतं. आम्ही प्रवेश रद्द करण्याचा अर्ज ईमेलवर दिला, त्यात नियम लिहिला, आणि तीन आठवडे उत्तर आलं नाही तेव्हा यूजीसीच्या ई-समाधान पोर्टलवर तक्रार टाकली. मग फोन आला. रद्द केलेला धनादेश मागितला, आणि ज्या खात्यातून फी भरली होती त्याच खात्याचा. ती फी बहिणीने आपल्या दिराच्या खात्यातून भरली होती, त्यामुळे त्याचं संमतीपत्र आणि आधार जोडण्यात आणखी आठ दिवस गेले. फी भरताना विद्यार्थ्याच्या किंवा आईवडिलांच्याच खात्यातून भरा.