वेटेड जीपीए

वेटेड जीपीए (जीपीए म्हणजे ग्रेड पॉइंट अ‍ॅव्हरेज) म्हणजे अमेरिकेतल्या हायस्कूलांमध्ये काढली जाणारी ग्रेडची अशी सरासरी, जिच्यात अवघड कोर्सला जास्त वजन मिळतं. तिथे हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी, आणि या चार वर्षांच्या ग्रेड मिळून जो एक आकडा होतो तो कॉलेजच्या अर्जात जातो, त्यामुळे मुलं आणि आईवडील दोघंही त्याच्याकडे डोळे लावून बसलेले असतात. पण तो आकडा नेमका कसा तयार झाला हे फार कमी जणांना नीट माहीत असतं आणि निम्मी काळजी त्यातूनच येते.

आधी साधा, म्हणजे अनवेटेड जीपीए बघू. ए ला ४, बी ला ३, सी ला २, डी ला १ आणि एफ ला शून्य. काही शाळा ए मायनसला ३.७ आणि बी प्लसला ३.३ असे मधले पॉइंटही देतात. यात कोर्स सोपा की अवघड याने काही फरक पडत नाही, कमाल ४.०. वेटेडमध्ये ऑनर्स म्हणजे नेहमीपेक्षा अवघड पातळीच्या कोर्सला बऱ्याच ठिकाणी अर्धा पॉइंट जास्त मिळतो, आणि एपी म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट किंवा आयबी म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट अशा कॉलेजच्या पातळीच्या कोर्सला एक पूर्ण पॉइंट, म्हणून एपीतला ए झाला ५ आणि बी झाला ४. हे आकडे देशभर ठरलेले नाहीत बरं का, प्रत्येक शाळा किंवा डिस्ट्रिक्ट (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) आपला नियम करतं, कुठे ऑनर्सलाही पूर्ण पॉइंट देतात आणि कुठे वेटेड जीपीए काढतच नाहीत.

आता खरा गोंधळ. इथे वजन दोन प्रकारचं आहे, एक कोर्सच्या अवघडपणाचं आणि दुसरं क्रेडिटचं, म्हणजे कोर्स किती मोठा आहे त्याचं, आणि लोक पहिलं लक्षात ठेवून दुसरं विसरतात. समजा एका मुलीने वर्षभरात एपी कॅल्क्युलसमध्ये बी, एपी हिस्ट्रीत ए, ऑनर्स केमिस्ट्रीत ए, साध्या इंग्लिशमध्ये ए मिळवला, हे चारही एकेक क्रेडिटचे, आणि अर्ध्या क्रेडिटच्या हेल्थमध्ये सी आला. वेटेड पॉइंट झाले ४, ५, ४.५, ४ आणि २. प्रत्येकाला त्याच्या क्रेडिटने गुणायचं, म्हणजे हेल्थचे २ चे १ होतात, बेरीज १८.५ आणि एकूण क्रेडिट ४.५, भागाकार ४.११. याच ग्रेडचा अनवेटेड जीपीए ३.५६ येतो. आणि कुणी क्रेडिटकडे न बघता पाच पॉइंटांची बेरीज करून ५ ने भागलं तर ३.९० येतं, ते चूक आहे, कारण अर्ध्या क्रेडिटचा हेल्थ तिथे कॅल्क्युलसच्या बरोबरीला बसला.

सगळ्या वर्षांचा मिळून जीपीए काढतानाही तेच. आधीच्या १२ क्रेडिटचा जीपीए ३.० असेल आणि नंतरच्या ३ क्रेडिटमध्ये ४.० मिळवले तर एकूण ३.५ होत नाही, ३६ अधिक १२ म्हणजे ४८, भागिले १५, म्हणजे ३.२. शेवटी शेवटी जीपीए वर ओढणं इतकं जड जातं ते याचमुळे, मागची क्रेडिट साठलेली असतात.

एपीचा अजून एक घोळ म्हणजे मे महिन्यात होणारी एपी परीक्षा. तिचा स्कोअर १ ते ५ मध्ये असतो, पण जीपीएमध्ये सहसा जाते ती वर्गातली ग्रेड, परीक्षेचा स्कोअर नाही. म्हणून परीक्षेत ५ आणि जीपीएमधले ५.० यांचा एकमेकांशी संबंध जोडू नये.

या पद्धतीमागचा हेतू चांगलाच आहे. वजन नसतं तर अवघड कोर्समध्ये बी मिळवणारा मुलगा सोपे कोर्स घेऊन ए मिळवणाऱ्याच्या मागे पडला असता, आणि मग एपी घ्यायला कोण धजावलं असतं. पण याची एक बाजू मला खरंच अन्यायाची वाटते. पाच एपी घेऊन पाचही ए असलेल्या मुलाचा जीपीए ५.० असतो, त्याने आवडीने सहावा कोर्स म्हणून चित्रकला घेतली आणि तिथेही ए मिळवला तरी २९ भागिले ६ म्हणजे ४.८३ होतो. जास्त शिकला, सगळीकडे ए मिळवला, आणि आकडा मात्र खाली. जिथे वेटेड जीपीएवरून वर्गातला क्रमांक आणि व्हॅलेडिक्टोरियन म्हणजे पहिला विद्यार्थी ठरतो तिथे असा फरक चांगलाच बोचतो आणि मुलं बँड किंवा आर्ट सोडायचा विचार करतात. काही शाळा असे कोर्स पास-फेल पद्धतीने घेऊ देतात, मग ते हिशोबात येत नाहीत, आणि हे सगळ्यांनीच करायला हवं असं माझं मत आहे.

शाळांचे नियम असे वेगवेगळे असल्यामुळे एका शाळेतला ४.३ दुसऱ्या शाळेतल्या ४.३ शी तसाच्या तसा ताडून बघता येत नाही. म्हणून बरीच कॉलेजं ट्रान्स्क्रिप्टवरून, म्हणजे सगळे कोर्स आणि ग्रेड लिहिलेल्या शाळेच्या कागदावरून, स्वतःचा जीपीए पुन्हा काढतात आणि शाळेत कोणते अवघड कोर्स उपलब्ध होते हेही बघतात. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा हिशोब सगळ्यांना वाचता येईल असा उघड मांडलेला आहे. ते नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतचे ठरावीक विषय धरतात, प्लस-मायनस सोडून देतात आणि जादा पॉइंट फक्त सी किंवा त्याहून चांगल्या ग्रेडला देतात, तेही जास्तीत जास्त ८ सेमिस्टरना, त्यातले दहावीचे ४ पेक्षा जास्त नाहीत. कॅलिफोर्नियाबाहेरच्या शाळेतल्या साध्या ऑनर्स कोर्सला तिथे जादा पॉइंट मिळत नाही, एपी आणि आयबीला मिळतो. म्हणजे शाळेच्या कागदावर ४.५ दिसणाऱ्या मुलाचा आकडा तिथे बराच खाली येऊ शकतो, ग्रेड त्याच असूनही.