धुळीमागे चाललेली गडबड

पावसाळ्यात ठाण्यातले आकाशवेडे दुर्बिणी गुंडाळून ठेवतात. वांगणीच्या फेऱ्या बंद, येऊरचा डोंगर ढगात गडप. मोबाइलची रेंज मात्र त्याच ढगांतून येत राहते. रेडिओलहरींना ढगांचं वावडं नसतं. तारे जिथे सर्वांत जोमाने जन्मतात, तिथल्या धुळीचंही नसतं.

१९८३ मध्ये आयरास या उपग्रहाने अवरक्त किरणांत आकाश धुंडाळलं, तेव्हा काही दीर्घिका विलक्षण निघाल्या. साध्या प्रकाशात अगदी मामुली, अवरक्तात सूर्याच्या लाख कोटी पट तेजस्वी! त्यांतली आपल्याला सर्वांत जवळची म्हणजे भुजंग तारकासमूहातली अर्प २२०. तरी अंतर सुमारे २५ कोटी प्रकाशवर्षं. तिथे दोन दीर्घिका एकमेकींत घुसल्या, वायू मध्यभागी कोसळला आणि तारे बनण्याची झुंबड उडाली. आपल्या आकाशगंगेत वर्षाला एक-दोन सूर्यांइतक्या वायूचे तारे होतात, तिथे दोनशेच्या घरात. त्यांचा अतिनील प्रकाश धूळ गिळते, तापते आणि अवरक्तात ओकते. आयरासला दिसली ती ही तापलेली धूळ.

मग आतलं कसं कळणार? मोठे तारे अल्पायुषी असतात, बहुतेक स्फोट होऊन मरतात. त्या स्फोटांत वेग मिळालेले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेत रेडिओलहरी सोडतात. १८ सेंटिमीटरच्या लहरीपुढे मायक्रॉनहून (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून) बारीक धुळीचा कण काय टिकणार? खंडोखंडीच्या दुर्बिणी जोडून अर्प २२० चा गाभा पाहिला, तेव्हा १९९८ मध्ये डझनभर ठिपके जाहीर झाले. ते अतिनवतारे, म्हणजे मोठ्या ताऱ्यांचे मृत्यूस्फोट होते. पुढे नवे ठिपके उगवत राहिले आणि हिशेब वर्षाला चारच्या आसपास गेला. आपल्याकडे हे शतकात एक-दोनदा घडतं. या तेजात गाभ्यातल्या एखाद्या कृष्णविवराचा वाटा असेलही, पण सगळं तेज एकट्या त्याचं असतं तर हे विखुरलेले ठिपके दिसायचं कारण नव्हतं.

इथवर रेडिओची बाजू भक्कम. पण लहर लांबवत नेली की तीही अडकते, आणि तिथेच आपली जीएमआरटी ही लांब लहरी टिपणारी रेडिओदुर्बीण कामाला येते. कल्याण-मुरबाडवरून माळशेज चढून गेलं की जुन्नर तालुक्यात खोडद लागतं. ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या. थाळी म्हणजे पत्रा नव्हे. ताणलेल्या तारांवर बसवलेली, सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर छिद्रांची जाळी. वारा आरपार जातो, मीटरभर लांबीची लहर मात्र परत फिरते. ही दुर्बीण उभारणाऱ्या गोविंद स्वरूप यांची ही काटकसर मला भारीच आवडते.

अशा लांब लहरी धुळीला जुमानत नाहीत, पण तप्त ताऱ्यांनी आयनित केलेला, म्हणजे अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे झालेला वायू त्यांना शोषतो. लहर जितकी लांब, तितकी शोषणाची मात्रा जास्त. साध्या दीर्घिकेचं रेडिओतेज वारंवारता कमी करत, म्हणजेच लहर लांबवत गेलं की वाढतच जातं. या गजबजलेल्या गाभ्यांत ते एका टप्प्याला अडतं, कधी चक्क घसरतं. ते कुठे घसरलं, यावरून तिथला आयनित वायू किती दाट आहे, हे काढता येतं. म्हणूनच एकट्या कमी वारंवारतेवर ताऱ्यांचा हिशेब मांडला, तर तो कमी भरतो. खोडदचे आकडे उच्च वारंवारतेच्या आकड्यांशेजारी ठेवून, आलेख कुठे वाकतो ते बघावं लागतं.